रिगाची राणी

गुरं राखणारी एक पोर पुढे पडद्यावर रशियाची सम्राज्ञी झाली. लाटव्हियाच्या व्हिया आर्तमानेची ही गोष्ट. ‘आपली कंपनीच उद्या राहिली नाही, तर आपल्या सीव्हीचं काय?’ असा विचार रात्री अकरा वाजता ऑफिसातून निघताना ज्यांच्या डोक्यात येऊन गेलाय, त्यांनी तर वाचायलाच हवी.

वाढदिवसाची अजब भेट

२१ ऑगस्ट १९९१. व्हिया आर्तमानेचा ६२ वा वाढदिवस. तिकडे मॉस्कोत दोन दिवसांपूर्वी सुरू झालेलं बंड कोसळत होतं आणि इकडे रिगामध्ये लाटव्हियाच्या संसदेनं कायदा करून देशाचं पूर्ण स्वातंत्र्य जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात मॉस्कोनंही ते मान्य केलं. १९४० पासून बळकावलेला देश परत मिळाला! लाटव्हियन माणसासाठी याहून मोठा दिवस नव्हता.

आता जरा व्हियाच्या बाजूनं बघा. जिनं ज्या राज्याच्या काळात नाटकात नाव काढलं, ज्या राज्याच्या स्टुडिओंत सिनेमे केले, ज्या राज्याकडून ‘सोव्हिएत संघाची लोककलावंत’ ही सगळ्यात वरची पदवी घेतली, ते राज्यच तिच्या वाढदिवशी तिच्या शहरातून उठून गेलं. देश तिचाच, भाषा तिचीच, प्रेक्षकही बरेचसे तेच. पण आदल्या दिवशीपर्यंत जी गोष्ट मानाची होती, ती दुसऱ्या दिवसापासून अडचणीची झाली.

तुम्ही म्हणाल, ही कोण बाई? बरोबर आहे. आपल्याकडे हॉलिवूडची तिसऱ्या फळीतली नटीही ओळखीची असते, पण बाल्टिक समुद्राकाठच्या या देशाचं नाव घेतलं की नकाशा उघडावा लागतो. लाटव्हियाची आजची लोकसंख्या वीस लाखांहूनही कमी आहे, म्हणजे एकट्या पुण्यात त्याहून कितीतरी जास्त माणसं राहतात. एवढ्याशा देशातली ही बाई पंचवीस कोटींहून जास्त लोकवस्तीच्या सोव्हिएत संघात घराघरांत माहीत होती.

आलीडाची झाली व्हिया

तिचं जन्मनाव आलीडा. जन्म २१ ऑगस्ट १९२९ चा, तुकुम्स शहराजवळच्या काइवे परिसरातला. वडील बाल्टिक जर्मन वंशाचे, आई पोलिश वंशाची. वडील ती जन्मायच्या आधीच एका अपघातात गेले. आई दुसऱ्यांच्या शेतावर राबायची आणि पोरगी थोडी मोठी झाल्यावर दुसऱ्यांची गुरं राखायची. पुढे जिला लोक ‘राणीसारखी दिसते’ म्हणाले, तिचं बालपण हे असं.

त्यात काळही साधा नव्हता. ती अकरा वर्षांची होत असताना सोव्हिएत फौजा आल्या. बाराव्या वर्षी जर्मन आले. पंधरा वर्षांची झाली तोवर सोव्हिएत परत येत होते. एवढ्या वयात तीन राजवटी! मायलेकी रिगाला आल्या, तिथे आलीडानं शाळा पूर्ण केली आणि १९४६ मध्ये ती दाइलेस थिएटरच्या अभिनय स्टुडिओत दाखल झाली. ‘दाइले’ म्हणजे कला. इथेच आलीडाची ‘व्हिया’ झाली.

इंजिनीअर बॉस

दाइलेस थिएटर १९२० मध्ये काढलं एडुआर्ड्स स्मिलगिस या माणसानं. हा गृहस्थ मूळचा इंजिनीअर! (इंजिनीअरिंग करून नाटक-सिनेमात घुसणं हे फक्त आपल्या पोरांचंच वेड नाही तर!) स्मिलगिसला रंगमंचावर घरगुती गप्पा मारणारी माणसं नको असायची. त्याला हालचाल हवी, उंच सूर हवा, मंच व्यापून टाकणारं शरीर हवं. त्याच्यासोबत फेलिसिता एर्टनेरे नावाची बाई नटांना हालचालींचं शिक्षण द्यायची. व्हियाची सरळ पाठ, मानेचा तो डौल, सावकाश वळणारी नजर हे सगळं पुढे पडद्यावर ‘जन्मजात’ वाटलं. जन्मजात कसलं, तालमीत घाम गाळून कमावलेलं होतं ते.

१९४९ मध्ये ती थिएटरच्या नटसंचात रुजू झाली. आपल्याकडे नाटकवाल्यांना प्रयोगामागे ‘नाइट’ मिळते. तिथला हिशेब वेगळा. थिएटर सरकारी, नटसंच कायमचा, नट पगारी. एकाच वेळी अनेक नाटकं चालू. आज शेक्सपिअर, उद्या एखादं लाटव्हियन नाटक, परवा नव्याची तालीम. म्हणजे एका अर्थी नोकरीच. सिनेमाचं शूटिंग लागलं, तरी थिएटरच्या तारखा सांभाळून जायचं.

१९४९ हे लाटव्हियात कुणीच न विसरलेलं वर्ष आहे. त्या वर्षी मार्चमध्ये अवघ्या काही दिवसांत सुमारे ४२ हजार माणसांना घरातून उचलून सैबेरियाकडे रवाना केलं गेलं. बायका, म्हातारी माणसं, तान्ही पोरंसुद्धा. ज्या शहरात व्हियाचं करिअर सुरू होत होतं, त्याच शहरातल्या कितीतरी घरांत त्या वर्षी एखादी खुर्ची रिकामी झाली होती. पुढे तिच्याबद्दल जे बोललं गेलं, ते समजून घ्यायचं तर हे लक्षात ठेवावं लागतं.

थिएटरमध्ये ती ज्युलिएट झाली, ऑफेलिया झाली. त्याच थिएटरमधला मुरलेला नट आर्तूर्स दिमितेर्स याच्याशी तिनं लग्न केलं. त्यांचा मुलगा कास्पार्स पुढे गायक-गीतकार झाला आणि मुलगी क्रिस्तियाना चित्रकार.

एका पिक्चरनं अख्खा देश

सिनेमात ती १९५६ मध्ये आली, ‘वादळानंतर’ या चित्रपटातून. पाठोपाठ १९५७ चा ‘कोळ्याचा मुलगा’. हे रिगा स्टुडिओचे सिनेमे. पण तिला खऱ्या अर्थानं घराघरांत नेलं ते १९६३ च्या ‘रदनाया क्रोव्ह’नं, म्हणजे ‘आपलं रक्त’. लेनिनग्राडच्या लेनफिल्म स्टुडिओचा सिनेमा, समोर रशियन स्टार येवगेनी मात्वेयेव.

गोष्ट अगदी साधी. महायुद्ध चालू आहे. सुटीवर निघालेला रणगाडा चालवणारा एक सैनिक, होडीवर काम करणारी सोन्या आणि तिची तीन मुलं. दोघं एकत्र येतात. युद्ध संपतं आणि सोन्याच जग सोडून जाते. मग मुलांचा खरा बाप उगवतो आणि मुलांना ठरवावं लागतं, ‘आपलं’ कोण? रक्ताचा की सांभाळलेला? युद्धात घरातला माणूस न गमावलेलं कुटुंब सोव्हिएत संघात शोधून सापडलं नसतं. त्यामुळे हा सिनेमा लोकांनी स्वतःच्या घरातली गोष्ट म्हणून पाहिला. डोक्याला रुमाल बांधलेली, फारसं न बोलणारी व्हियाची सोन्या लोकांच्या मनात बसली.

१९६५ मध्ये तिनं लिथुआनियन दिग्दर्शक व्हितौतास झालाकेविचुसचा ‘कुणालाच मरायचं नव्हतं’ केला. युद्धानंतरचं लिथुआनियन गाव, जंगलात लपलेले बंडखोर आणि सोव्हिएत सत्तेच्या बाजूचे गावकरी. थाट एखाद्या वेस्टर्नचा, घोडे आणि बंदुकांसकट. जंगलातले ते लोक सोव्हिएत सरकारच्या लेखी डाकू होते आणि आज बाल्टिक देशांत त्यांचीच आठवण स्वातंत्र्यसैनिक म्हणून काढली जाते. तोच सिनेमा आज बघताना वेगळाच प्रश्न विचारतो. नटीनं मात्र तेव्हा तिच्यासमोर आलेली भूमिका केली होती.

१९६९ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, तिला ‘सोव्हिएत संघाची लोककलावंत’ ही पदवी मिळाली. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रमोशनची शेवटची पायरी. याच्या वर काही नव्हतं.

आर्टिकलशिपवाला टॉम

आता येतो तो सिनेमा, ज्यासाठी ही बाई तुम्ही बघायलाच हवी. ‘तेआत्रिस’, म्हणजे ‘थिएटर’. साल १९७८, दिग्दर्शक यानिस स्ट्रेइच्स, संगीत राइमोंड्स पाउल्सचं. टीव्हीसाठी केलेला दोन भागांचा सिनेमा. मूळ कादंबरी इंग्रज लेखक सॉमरसेट मॉमची, १९३७ ची. हॉलिवूडप्रेमींना २००४ चा ‘बीइंग ज्युलिया’ आठवत असेल. अ‍ॅनेट बेनिंगला ऑस्करचं नामांकन मिळवून देणारा. तीच ही कादंबरी.

ज्युलिया लॅम्बर्ट ही लंडनची सगळ्यात मोठी नटी. वय ४६. नवरा थिएटरचा मालक, हुशार, देखणा आणि पैशाच्या बाबतीत अगदी चोख. एक दिवस थिएटरचे हिशेब तपासायला एक कोवळा पोरगा येतो, टॉम फेनेल. अकाउंटंटच्या फर्ममध्ये उमेदवारी करणारा. हो, सीए फर्ममधला आर्टिकलशिपवाला! ज्युलिया या पोरात गुंतते. आणि पोरगा? त्याला ज्युलिया हवी असते, पण त्याहून जास्त तिच्या आसपासचं जग हवं असतं. पार्ट्या, ओळखी, मोठ्या लोकांबरोबर उठबस. पुढे एक तरुण नटी त्याच्या आयुष्यात येते आणि तिला नाटकात काम मिळावं म्हणून तो ज्युलियाकडेच शब्द टाकतो. नेटवर्किंग म्हणतात ते हेच!

व्हिया तेव्हा एकोणपन्नाशीला टेकलेली. टॉमच्या भूमिकेत इवार्स काल्निंश, तिशीतला, देखणा. नवरा झालाय गुनार्स त्सिलिन्स्किस, हाही लाटव्हियाचा मोठा नट. लंडन दाखवलंय ते रिगातच. यात नवल नाही. सोव्हिएत प्रेक्षकांना परदेशात जाता येत नव्हतं, म्हणून ‘परदेश’ बाल्टिक शहरांत उभा केला जायचा. सोव्हिएत शेरलॉक होम्सची बेकर स्ट्रीटसुद्धा रिगाच्या एका गल्लीत चित्रित झालीय.

या सिनेमातली खरी मेख ज्युलिया आणि तिचा मुलगा रॉजर यांच्यात आहे. मुलगा आईला तोंडावर सांगतो की, तू सतत नाटकच करत असतेस. तू एकटी एखाद्या खोलीत असताना मी दार उघडलं, तर आत कुणीच नसेल, अशी मला भीती वाटते.

बापरे! कुठल्याही आईला हे ऐकवणार नाही. पण जरा थांबून बघा, हा प्रश्न काय फक्त नट्यांचाच आहे? क्लायंटपुढचा आवाज वेगळा, बॉससमोरचा वेगळा, घरी आईशी फोनवर वेगळा. सगळे वजा केले तर शिल्लक काय?

ज्युलिया हरते का? छे! प्रतिस्पर्धी तरुण नटीच्या मोठ्या प्रसंगात ती अशी काही चाल खेळते, की प्रेक्षकांचे डोळे तिच्यावरून हलतच नाहीत. बिचारी पोरगी भर मंचावर अदृश्य! आणि मग कादंबरीतली ज्युलिया पार्टीला न जाता एकटीच हॉटेलात जाते आणि डाएट-बिएट गुंडाळून ठेवून कांद्यासोबत मस्त स्टेक आणि बिअर मागवते. तिचं उत्तर ठरलेलं आहे. रंगमंचावर जे घडतं तेच खरं, बाहेरचं जग म्हणजे नाटकासाठीचा कच्चा माल.

व्हियाच्या चेहऱ्यावर हे सगळं वाचता येतं. एका क्षणी रडणं आणि पुढच्याच क्षणी आपण किती छान रडलो याचं कौतुक डोळ्यांत! असला खेळ सतरा नाटकं आणि सत्तावीस तालमी अंगावर झेललेल्या बाईलाच जमतो.

गंमत बघा, त्याच १९७८ मध्ये ती ‘येमेल्यान पुगाचोव्ह’ या भव्य ऐतिहासिक सिनेमात सम्राज्ञी कॅथरीन झाली. समोर बंडखोर पुगाचोव्हच्या भूमिकेत पुन्हा मात्वेयेव. म्हणजे एकाच वर्षी रंगमंचाची राणी आणि रशियाची राणी. तिकडे काइवेची गुरं राखणारी आलीडा.

कंपनी बंद

आता परत १९९१ वर येऊ.

स्वातंत्र्य आलं आणि हिशेब सुरू झाले. कोण कुणाच्या बाजूनं होतं? कुणी पदव्या घेतल्या? कुणी सत्काराच्या खुर्च्या उबवल्या? व्हियाचं नाव या यादीत वरच होतं. कालपर्यंत ‘आपली व्हिया’ म्हणणारे काही जण आता ‘सोव्हिएतांची लाडकी’ म्हणू लागले. आणि ज्यांच्या घरातली माणसं १९४९ च्या गाड्यांत भरली गेली होती, त्यांना त्या पदव्या बघून राग येत असेल, तर तो उगाच म्हणता येणार नाही. दुसरी बाजूही खरी आहे. सोव्हिएत काळात लाटव्हियन भाषेतलं नाटक रोज रात्री उभं राहत होतं, ते या नटांच्या जिवावर. भाषा ऐकायला, मोठ्यानं बोललेली ऐकायला, लोक थिएटरात येत होते. दोन्ही खरं. एकानं दुसरं पुसलं जात नाही.

मग आला घराचा प्रश्न. नव्या सरकारनं, सोव्हिएत काळात सरकारजमा झालेल्या इमारती जुन्या मालकांना किंवा त्यांच्या वारसांना परत द्यायला सुरुवात केली. तत्त्व म्हणून बरोबरच. लुटलेलं परत करायला नको का? पण त्या घरांत दरम्यानच्या काळात माणसं राहत होती, त्यांची पोरं तिथेच वाढली होती. व्हियाचं रिगाच्या मध्यवर्ती भागातलं घर अशाच एका इमारतीत होतं. मालक परतले आणि नटीला घर सोडावं लागलं. ती शहराबाहेर मुर्यानीला, आपल्या उन्हाळी घरात राहायला गेली.

‘नटसम्राट’ वाचलेल्या-पाहिलेल्या मराठी माणसाला इथे चटकन काहीतरी आठवेल. फरक एवढाच, की इथे घर पोटच्या पोरांनी तोडलं नव्हतं. इतिहासानं एका अन्यायाची दुरुस्ती केली आणि त्या दुरुस्तीची किंमत एका म्हाताऱ्या होत चाललेल्या भाडेकरूच्या नावावर पडली. यात खलनायक शोधायला गेलात तर हाताला कुणी लागत नाही. म्हणूनच ते जास्त लागतं.

पुन्हा तोच रस्ता

१९९८ मध्ये तिनं दाइलेस थिएटर सोडलं. जवळजवळ अर्धं शतक एकाच ठिकाणी! दर दीड वर्षाला जंप मारणाऱ्या आपल्या पिढीला हे ऐकूनच घेरी येईल. पण तिनं घरी बसून जुने अल्बम चाळले नाहीत. ती गेली ‘नवं रिगा थिएटर’ या तरुण मंडळींच्या संचात. वय तेव्हा एकोणसत्तर.

आणि हे नवं थिएटर कुठे होतं? लाचप्लेशा रस्त्यावर, २५ नंबरच्या इमारतीत. दाइलेस थिएटर १९७७ मध्ये नव्या, मोठ्या वास्तूत गेलं, त्याआधी ते इथेच होतं. म्हणजे १९४६ मध्ये सतरा वर्षांची आलीडा ज्या दारातून स्टुडिओत शिरली, त्याच दारातून सत्तरीची व्हिया पुन्हा आत गेली. बाहेर रस्त्यांची नावं बदलली होती, झेंडा बदलला होता, चलन बदललं होतं. मंच तोच.

तिथे ती २००० पर्यंत होती. २००३ च्या ‘सुवर्णयुग’ या रशियन सिनेमात तिनं पुन्हा एकदा कॅथरीन साकारली. म्हातारी सम्राज्ञी, म्हातारी नटी. २००४ मध्ये तिचं आत्मचरित्र आलं. नाव ‘झिएमत्सिएशी’, म्हणजे साधारण ‘हिवाळा सोसून टिकणारे’. उत्तरेकडच्या देशात या शब्दाला वजन आहे. बर्फाखाली दबून, वसंतात पुन्हा फुटणारी झाडं असतात ना, तसं काहीसं.

उतारवयात तिनं ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथ स्वीकारला आणि एलिझाबेथ हे नाव घेतलं. आलीडा, व्हिया, एलिझाबेथ. एका बाईची तीन नावं, आणि भूमिकांची नावं वेगळीच. शेवटची वर्षं आजारपणात गेली. ११ ऑक्टोबर २००८ रोजी स्ट्रेन्ची इथे ती गेली. वय ७९. रिगाच्या पोक्रोव दफनभूमीत तिला निरोप दिला गेला. मंगळ आणि गुरूच्या दरम्यान फिरणाऱ्या एका लघुग्रहाला तिचं नाव आहे. क्रमांक ४१३६, नाव आर्तमाने. ही पदवी मात्र कुठलंही सरकार बदललं तरी परत मागता येत नाही!

तर मुद्दा काय?

आपण सगळेच आपल्या कामाची ओळख कुणाच्या तरी लेटरहेडवर लिहून घेतो. पद, पदवी, कंपनीचं नाव. ते लेटरहेड टिकेल असं आपण गृहीत धरतो. व्हियाचं लेटरहेड तर जगातल्या दोन महासत्तांपैकी एकीचं होतं. तेही गेलं. तिच्याकडे उरलं ते स्मिलगिसनं घडवलेलं शरीर, भाषा आणि मंचावर उभं राहायची सवय. एकोणसत्तराव्या वर्षी तरुणांच्या संचात जाऊन तालमीला उभं राहायला तेवढं पुरलं.

रॉजरच्या त्या प्रश्नाचं व्हियानं काय उत्तर दिलं असतं, माहीत नाही. पण रिकाम्या खोलीत कुणीच नाही, असं तिच्याबद्दल तरी वाटत नाही.

वीकएण्डला काय बघाल?

‘आपलं रक्त’ (१९६३): हातरुमाल जवळ ठेवा.
‘कुणालाच मरायचं नव्हतं’ (१९६५): घोडे, बंदुका आणि न सुटणारे प्रश्न.
‘थिएटर’ (१९७८): एकच बघायचा असेल तर हाच. दोन भाग आहेत, सलग बघा. आणि मग ‘बीइंग ज्युलिया’ लावून दोन ज्युलियांची तुलना करा. वाद घालायला रविवार पुरणार नाही!
‘येमेल्यान पुगाचोव्ह’ (१९७८): राणी म्हणजे काय, हे बघण्यासाठी.